हेसाबू

परत आले त्या दिवशी सोलापुरात त्रेचाळीस होतं.
अप्पा कूलरसमोर बनियनवर बसलेले,
कानातलं यंत्र काढून वाटीत ठेवलेलं.
बॅग उघडायच्या आधीच म्हणाले, "किती?"

सिंहांचं विचारत नव्हते ते.
सिंह सगळे जण विचारतात.
मी दोन्ही हातांची बोटं दाखवली
आणि वर एक.

एकतीस वर्षं नान्नजच्या माळावर वनमजूर.
दुर्बीण खात्याची, चपला स्वतःच्या.
कुसळं काढत जेवायचे, आणि जेवताना
बोटानं ताटात माळ काढून दाखवायचे:
इथं पाणवठा, इथं मचाण, इथं
तो गळ्याची पिशवी फुगवून उभा राहतो
आणि असा हुंकारतो की भाकरी थरथरते.
आई म्हणायची, ताटात पक्षी नाचवू नका.
त्यांच्या वहीत एका साली सत्तावीस.
मग एकोणीस. मग नऊ.
मग 'एक मादी, दूरवर'.
मग नुसती तारीख, आणि पुढे आडवी रेघ.

आमच्या ग्रुपात चिलवेरीकाका होते,
तीस वर्षं दार-ए-सलामला टॉवेल पाठवणारे,
स्वतः पहिल्यांदाच निघालेले.
लॉजच्या बाथरूममधून ओरडले,
किनार उलटी करून दाखवायला लागले,
"वीण बघा, आपली हाय! नीलम नगरची!"
लेबल चीनचं होतं.
रात्री शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडताना
ते कुणाशीच बोलले नाहीत.

वोईजवळ रुळांच्या कडेला
गाइड सांगत होता,
हा लोहमार्ग घालायला समुद्रापलीकडून माणसं आणली,
ताप, पाणी, सिंह, कशाकशानं किती गेली.
आकडा अगदी पाठ होता त्याला.
नावं विचारली तर हसला, माफी मागितल्यासारखा.
मी जिल्हा बँकेत कॅशियर होते.
खातेदाराचं नाव नसलेली रक्कम
रात्री झोपू देत नाही, हे मला ठाऊक आहे.

आणि मग सेरेंगेटी.
गवत, गवत, आणि मला काहीच नवं वाटेना.
बार्शी रोडनं सकाळी सातला निघाल्यासारखं,
फक्त विजेच्या तारा काढून घेतलेल्या.
डावीकडे झाडाखाली सिंहीण. सात कॅमेरे डावीकडे.
उजवीकडे तो.

मान ताठ, चोच किंचित वर,
बांध मोजायला निघालेल्या जुन्या तलाठ्यासारखा
एकेक पाऊल हिशेबानं टाकत.
आमचा नव्हे. त्यांचा. थोराड, करडा,
पण चाल तीच, घराण्याची.
मी म्हटलं, गाडी बंद कर.
लेमायन म्हणाला, सिंहीण तिकडे आहे, मामा.
तिथं मामा म्हणजे आई.
मी पुन्हा म्हटलं, बंद कर रे बाबा.

इंजिन थांबलं तसा माळ ऐकू आला.
एक. तो टेकाडावरचा दोन.
मागं गवतात तीन, चार,
आणि मी मोठ्यानं मोजतेय हे मला कळलंच नाही,
मराठीत, रडत, कॅशियरच्या सुरात.
ग्रुप चिडला होता. सिंहीण उठून गेली होती.
लेमायननं विचारलं, हेसाबू?
मला वाटलं, चेष्टा करतोय.
नाही; त्यांच्याकडेही मोजदादीला तेच म्हणतात.
म्हटलं, होय रे. हेसाबू. वडिलांचा.
मग तो टपावर चढला, हात कपाळावर धरला,
आणि अकरावा त्यानं दाखवला.

"अकरा," अप्पा म्हणाले. कूलरकडे बघत राहिले.
मी कपाटातून वही काढली,
पेन उघडून दिलं.
टोपण लावून परत केलं त्यांनी.
"ते त्यांचे. आपल्या वहीत नको."

थोड्या वेळानं,
"चालतो कसा, ते दाखव."

जुळे सोलापुरातला दुसरा मजला,
दुपारचे अडीच, फरशी तापलेली,
साठीची मी, गुडघ्याला पट्टा,
सोफ्यापासून फ्रिजपर्यंत
मान ताठ करून चालले.

अप्पांनी वाटीतलं यंत्र उचलून कानात घातलं,
जणू पावलं ऐकायची होती.
"हं," म्हणाले. "घाई करू नकोस.
पाय ठेवायच्या आधी
थांबतो तो जरा."